बुजवलेल्या चाकोऱ्या

विमान पट्टी सोडून तुरीत घुसलं त्या वेळी माझ्या हातात पुष्पगुच्छ होता. तो मी पुढे अर्धा तास सोडलाच नाही, असं आमच्या तलाठ्याचं म्हणणं. जखमी पाहुण्यांना जीपमध्ये बसवताना माझा एक हात त्यांच्या काखेत आणि दुसऱ्या हातात गुलाब, असं त्याने पाहिलं. पुढची कितीतरी वर्षं लग्नाकार्यात भेटला की तो हे चारचौघांत रंगवून सांगायचा. मला स्वतःला गुच्छ आठवत नाही. जे आठवतं ते मी एक माणूस सोडून कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी सरकारी अभियंता होतो. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण त्यातले बरेच जण अजून पेन्शन घेतात आणि मीही घेतो. तेव्हा माझं बिऱ्हाड अमरावतीला आणि नेमणूक अकोला जिल्ह्यात होती. माझ्या शाखेकडे काही रस्ते, दोन पूल, एक विश्रामगृह आणि तेल्हाऱ्याच्या अलीकडे शेतांच्या मधोमध पडलेली एक गवताची धावपट्टी होती. काळ्या मातीवर मुरूम, मुरमावर हरळी, दोन्ही कडांना चुन्याने रंगवलेले दगड, इतकंच तिचं स्वरूप. एका टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खांबावर लोंबायची. पट्टी बरोबर सपाटही नव्हती. मधोमध एक उंचवटा होता, त्यामुळे पश्चिमेच्या टोकाला उभं राहिलं की पूर्वेकडची अर्धी पट्टी दिसत नसे. हा दोष मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वर कळवला होता. वरून उत्तर आलं की निधी उपलब्ध झाल्यावर पाहू.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि एखाद्या भागाचं नाव रोज पेपरात यायला लागलं की तिथे पाहणीला माणसं येतात. तशी ती आली. समित्या आल्या, अभ्यासगट आले, अभ्यासगटांनी काय अभ्यास केला ते पाहायला आणखी माणसं आली. बहुतेक जण गाडीने येत. ज्यांना संध्याकाळी परत मुंबई गाठायची असे ते चार माणसांच्या भाड्याच्या विमानाने येत आणि आमच्या पट्टीवर उतरत.

साहेब येणार असा फोन आला की आमचं खातं कामाला लागायचं. एरवी वर्षभर कोणी विचारत नसे. फोन आला की गवत कापायचं, दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, विश्रामगृहाच्या पडद्यांना इस्त्री, आणि वाटेवरचा एकूण एक खड्डा भरायचा. साहेबांची गाडी ज्या रस्त्याने जाणार नाही तो रस्ता तसाच राहायचा. मी हे वाईट म्हणून सांगत नाही. मी स्वतः हे काम मनापासून करत असे आणि चांगलं करत असे. माझ्या गोपनीय अहवालात 'व्यवस्था चोख' असा शेरा सलग चार वर्षं आहे, आणि तो वाचून मला बरं वाटायचं.

हे सगळं जे करायचे ते पट्टीवरचे चौकीदार. मी त्यांना चाचा म्हणायचो. ते मूळचे अचलपूरचे आणि मीही अचलपूरचा, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, अंगाने सडसडीत, खाकी शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. उर्दू चांगली वाचायचे, मस्टरवर सहीही उर्दूतच करायचे. मराठी बोलायचे ते अस्सल वऱ्हाडी, पण मराठी कागद मात्र त्यांना वाचता येत नसे. पट्टीला लागूनच गावाच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. विमान यायच्या दिवशी ते पहाटे सायकलवर बसत आणि रिकामा डबा वाजवत पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत. त्या आवाजाला गावातली जनावरं इतकी सरावली होती की डबा वाजला की म्हशी आपण होऊन बांधाकडे वळायच्या. एकदा मी गमतीने म्हणालो, चाचा, तुमचा डबा ऐकून मीही बांधाकडे वळतो. ते म्हणाले, "वळाच लागते साहेब. डबा सरकारी हाय."

चाचा रोजंदारीवर होते. अठरा वर्षं रोजंदारीवर. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव मी स्वतः तयार करून वर पाठवला होता. तो मंडळ कार्यालयापर्यंत पोचला होता आणि तिथून वाईट बातमी नव्हती, म्हणजे सरकारी हिशेबाने चांगली होती. कायम झाले असते तर म्हातारपणी पेन्शन, त्यांच्यामागे चाचींना पेन्शन. नाही झाले तर साठाव्या वर्षी हात झटकून घरी. साठीला दोन वर्षंही उरली नव्हती. मी पट्टीवर गेलो की ते कधीच स्वतःहून विचारत नसत. फक्त जीपमध्ये बसताना म्हणत, "वरतून काई?" मी मान हलवली की, "येईन, येईन," असं मलाच समजावत.

अपघात झाला तो दिवस आश्विनातला. आदल्या दिवशी पावसाची एक सर येऊन गेली होती. गवत ओलं होतं, पण ओलं गवत म्हणजे काय ते वैमानिकाला वरून दिसत नाही आणि आम्हाला खालून सांगता येत नव्हतं. आमच्याकडे रेडिओ नव्हता. उंचवट्याच्या पश्चिमेला, पट्टीच्या कडेने रस्त्याजवळ छोटा मांडव घातला होता. त्यात महसूल खात्याचे एक अधिकारी, तलाठी, दोन-चार कारकून आणि मी. चाचा पूर्वेच्या टोकाला खांबापाशी उभे होते, हातात लाल झेंडा घेऊन. काही आडवं आलं तर तो हलवायचा, एवढंच त्यांचं काम. विमान पूर्वेकडून आलं, एकदा घिरटी घालून खाली यायला लागलं आणि उंचवट्यापलीकडे दिसेनासं झालं.

मग ते उंचवट्यावरून आमच्याकडे आलं, आणि मी पाहिलं की त्याची चाकं अजून जमिनीला लागलेली नाहीत. चाकं आणि गवत यांच्यामधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. हे मी नीट पाहिलं. अभियंत्याची नजर असते, ती पातळी बघते. चाकं टेकली ती अगदी मांडवासमोर, पट्टीचा शेवटचा तिसरा हिस्सा तेवढा उरला होता तिथे. ते एकदा उसळलं, परत टेकलं, ब्रेक लागल्याचा करकराट झाला आणि ओल्या हरळीवरून ते तसंच सरळ घसरत आमच्यासमोरून गेलं. टोकाची नाली ओलांडताना पुढचं चाक मोडलं. विमान तुरीत नाक खुपसून उभं राहिलं. आवाज फारसा झालाच नाही. पत्र्याच्या पेटीवर धान्याचं पोतं टाकावं, तेवढाच.

कोणी मेलं नाही. वैमानिकाच्या कपाळाला खोक पडली, समितीच्या पाहुण्यांचं मनगट मोडलं, त्यांच्या सहायकाला खरचटलं. तिघांना अकोल्याला नेलं. पोलिसांनी दुपारी येऊन विमानाचा पंचनामा केला, भोवती दोर बांधला, एक शिपाई बसवला. विमान सोडून दुसरं काही मोजायचं त्यांच्या मनात आलं नाही. पुढचे तीन दिवस तिथे जत्रा भरली. तेल्हाऱ्याहून लोक आले, पार परतवाड्याहून जीप भरून आले, शेंगदाणेवाले आले. तूर तुडवली गेली म्हणून शेताचा मालक दोराबाहेर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालत होता, आणि मग त्यालाच विमानाची माहिती सांगत होता.

चौथ्या दिवशी सकाळी वरिष्ठांचा फोन आला. मुंबईहून चौकशीचे साहेब परवा येणार. पट्टी व्यवस्थित करून ठेवा.

मी जीप काढून पट्टीवर गेलो. विमान उतरलं तिथे हरळी फाडून तीन चाकोऱ्या पडल्या होत्या. उसळून परत टेकलं तिथे त्या जास्त खोल होत्या, वितीएवढ्या, आणि तिथून नालीपर्यंत सरळ रेघ ओढल्यासारख्या गेल्या होत्या. त्यांत पाणी साचलं होतं. मला ते पाहून लाज वाटली. खरंच सांगतो, लाजच वाटली, दुसरं काही मनात आलं नाही. पाहुणे यायचे आणि अंगणात असा चिखल.

"चाचा, परवा साहेब येणार. पट्टी एकदम टिपटॉप पाहिजे."

चाचा चाकोरीच्या कडेला उकिडवे बसले आणि बोटाने खोली पाहिली. "मुरूम लागन साहेब. एक टॅक्टर पाठवा. वरतून हरळी लावून देतो."

मी ट्रॅक्टर पाठवला. दोन दिवस चाचांनी आणि गावातल्या दोन बायांनी जे काम केलं तसं काम मी पुढेही कुठे पाहिलं नाही. आधी पाणी उपसलं, मग मुरूम थरा-थराने भरून ठोकला, मग बांधावरची हरळी मुळांसकट खणून आणली आणि एकेक तुकडा शेजारच्या तुकड्याला भिडवून बसवला. वरून दगडी रूळ फिरवला, पाणी शिंपडलं, पूर्ण पट्टीचं गवत एका उंचीचं कापलं. दगडांना ताजा चुना दिला. संध्याकाळी मी जाऊन पाहिलं तर चाकोऱ्या कुठे होत्या ते मलाही सापडेना. मी चाचांच्या पाठीवर थाप मारली. ते लाजले आणि म्हणाले की अजून एक दिवस मिळाला असता तर नालीचं तोंडही नीट केलं असतं.

चौकशीला दोघे आले. एक तरुण, त्याच्या गळ्यात कॅमेरा. दुसरे वयस्कर, बारीक अंगाचे, मऊ बोलणारे, त्यांच्या हातात लांब टेप. ते आधी विमानाकडे गेलेच नाहीत. पट्टीवर आले, पूर्वेच्या टोकापासून चालत निघाले आणि खाली बघत बघत उंचवटा ओलांडून मांडवाच्या जागेपर्यंत पोचले. तिथे थांबून त्यांनी विचारलं, "टायरच्या खुणा कुठे आहेत?"

चाचा पुढे झाले. त्यांना वाटलं कौतुक चाललं आहे. "एक बी निशान ठेवलं नाई साहेब," ते म्हणाले.

त्या साहेबांनी डोळे मिटले, क्षणभरच. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि वैमानिकाने दवाखान्यात दिलेला जबाब वाचून दाखवला. वैमानिकाचं म्हणणं असं होतं, की तो पट्टीच्या सुरुवातीलाच, चुन्याच्या खुणेवर बरोबर उतरला. पट्टीवर धावत असताना उंचवट्याजवळ एक म्हैस आडवी आली. तिला चुकवण्यासाठी त्याने ब्रेक सोडून विमान बाजूला घेतलं, आणि त्यात पट्टी संपली.

"खोटं हाय हे," चाचा म्हणाले. "मी तिथंच होतो साहेब. म्हैस काय, शेरडी बी नोती. ते माह्या डोक्यावरून गेलं, खूप उंच गेलं. तिकडे टेकलंच नाई."

"मग कुठे टेकलं?"

"अठी."

"दाखवा."

चाचा खाली बसले. हाताने गवत चाचपायला लागले. एक तुकडा उचकून पाहिला, तिथे जुनीच हरळी निघाली. दोन पावलं सरकून दुसरीकडे पाहिलं. "अठीच होती. मीच तं भरली ना. सरळ होती साहेब, एकदम सरळ, वाकडी नोती कुठंच." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. गुडघ्यांवर रांगत ते पुढे गेले. साहेब टेप हातात धरून उभे होते आणि मला तेव्हा, त्या क्षणी, पहिल्यांदा कळलं की आम्ही दोघांनी मिळून काय केलं. चाकोऱ्या राहिल्या असत्या तर शाळेतल्या पोरालाही टेप लावून सांगता आलं असतं, की चाकं उंचवट्याच्या पुढे टेकली, म्हणजे उंचवट्याजवळ म्हैस चुकवण्याचा प्रश्नच नव्हता. चाचा निर्दोष होते याचा तेवढाच एक कागद होता, जमिनीवर लिहिलेला. तो आम्ही ठोकून, रूळ फिरवून, पाणी शिंपडून साफ केला.

थोडं खणून मुरूम दाखवला असता, पण त्याने काय होणार होतं? मुरूम सगळ्या पट्टीभर होता. आणि भरलेल्या खड्ड्यावरून चाक कुठे टेकलं आणि कसं गेलं ते सांगता येत नाही.

"खुणा बुजवायला कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं. आवाज तसाच मऊ.

मी चाचांपासून दहा पावलांवर उभा होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात झटकून उठले आणि म्हणाले, "कोनी नाई सांगतलं. साहेब लोक येनार होते, म्हून माह्याच मनानं केलं."

मी साहेबांच्या टेपचं जमिनीवर लोळणारं टोक उचलून धरलं.

दुपारी विश्रामगृहात एकेकाचे जबाब झाले. मांडवातल्या महसूल अधिकाऱ्यांनी सांगितलं की ते त्या वेळी फोनवर होते. तलाठ्याने सांगितलं की त्याचं लक्ष चहाकडे होतं. कारकुनांनी काही पाहिलं नव्हतं. साक्षीदार झालं की मुंबईच्या चकरा लागतात हे सगळ्यांना माहीत होतं. मग माझी पाळी आली.

"तुम्हाला पट्टीवर जनावर दिसलं का?"

"उंचवट्यापलीकडचं आमच्या बाजूने दिसत नाही," मी म्हणालो.

हे शब्दशः खरं होतं. खात्यात लागल्या लागल्या मला एका जुन्या माणसाने शिकवलं होतं की चौकशीत विचारलं तेवढंच सांगायचं. साहेबांनी ते लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्यांनी वर पाहिलं. त्यांना काहीतरी वाटलं असावं, कारण ते बराच वेळ तसेच पाहत राहिले.

"आणखी काही सांगायचंय?"

सांगायचं ते जिभेवर होतं. उंचवट्यावरून विमान आलं तेव्हा चाकांखालून आभाळ दिसत होतं, एवढं एकच वाक्य. पण त्याच्यापुढचा प्रश्नही मला ऐकू येत होता. तुम्ही हे पाहिलं होतं, तर मग खुणा बुजवायला ट्रॅक्टर का पाठवलात? त्या प्रश्नाला माझ्याकडे जे उत्तर होतं ते मूर्खपणाचं होतं, आणि कोणी त्यावर विश्वास ठेवला नसता. पुरावा नष्ट केला असा शेरा पडला असता. मला भीती वाटली. त्याला दुसरा शब्द नाही.

"नाही," मी म्हणालो.

चौकशीचे साहेब निघून गेल्यावर मी पट्टीवर परत गेलो. चाचा नालीच्या कडेला बसले होते. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "चाचा, माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुमचं नाव सांगून काय झालं असतं? मी बी गेलो असतो, तुमी बी गेले असते." ते नालीच्या तोंडाकडे बघत होते. "मांडवात कोनाले काई दिसलंच नाई म्हनतात, तुमाले बी नाई. तुमी वाचले तं माह्यासाठी दोन शब्द लिहान. दुसरं कोन हाय माह्यं?"

मी म्हणालो, लिहीन. त्या वेळी मला तसं वाटतही होतं. अमरावतीला गेल्यावर मी खरोखर एक टिपण लिहायला घेतलं. 'सदर चौकीदाराची सेवा समाधानकारक असून' इथपर्यंत लिहिलं. पुढे काय लिहायचं ते मला माहीत होतं आणि तेच लिहायचं नव्हतं. कागद टेबलाच्या खणात गेला. घरात कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

अहवाल यायला काही महिने गेले. दरम्यान विमानाचे पंख सोडवून ते ट्रकवर घालून नेलं. समितीचा अहवालही कुठेतरी छापून आला म्हणे. आमच्या अहवालात वैमानिकाचं म्हणणं ग्राह्य धरलेलं होतं, कारण त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. धावपट्टीवर जनावर आल्यामुळे अपघात झाला आणि जनावरं हटवण्याची जबाबदारी चौकीदाराची होती. त्या वयस्कर साहेबांनी एक ओळ आपल्या मनाने घातली होती, की चाकांच्या खुणा चौकशीपूर्वी बुजवल्या गेल्याने निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. ती ओळ वर कोणी वाचली असं मला वाटत नाही. मंडळ कार्यालयातून चाचांचा प्रस्ताव परत आला आणि सोबत सूचना आली, की यांना कामावरून कमी करावं. रोजंदारीच्या माणसाला काढायला मोठ्या साहेबांची सही लागत नाही. मस्टर ज्याच्या ताब्यात त्याची पुरते.

असे कागद शिपाई पोचवतो. मी म्हटलं, आपण स्वतः जाऊ. तेवढं तरी करावं असं वाटलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, शिपायाला पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारची वेळ होती. जीपचा आवाज ऐकून चाचा दारात आले. माझ्या हातात लिफाफा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कागद घेऊन कधी गेलो नव्हतो. त्यांनी घाईघाईने खुर्ची बाहेर आणली, रुमालाने पुसली, शर्टाच्या गुंड्या नीट केल्या.

"झालं का साहेब?"

मी बसलो. त्यांनी आत तोंड करून चाचींना हाक दिली, "सुनती हो? साहब आए हैं. चाय रखो, दूध की." मग माझ्यासमोर जमिनीवर बसले. "वाचा साहेब. पुरं वाचा. मले शब्दन् शब्द आयकाचा हाय."

मी लिफाफा फोडला आणि वाचायला लागलो. सरकारी मराठी लांबलचक असते. पहिली तीन वाक्यं संदर्भ क्रमांकांत जातात, त्यामुळे चाचांना काही वेळ कळलंच नाही, ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग 'निष्काळजीपणा' आला, मग 'कामावरून कमी करण्यात येत आहे' आलं. त्यांची मान हलायची थांबली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

"म्हैस नोती साहेब," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"तुमाले कसं माहीत?"

तिथे मी खोटं बोलू शकलो असतो. का बोललो नाही ते सांगता येत नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं, धैर्याची वेळ केव्हाच गेली होती. "मी पाहिलं होतं," मी म्हणालो. "चाकं उंचवट्याच्या पुढे टेकली. आमच्या समोर."

चाचा माझ्याकडे पाहत राहिले. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. एखादा हिशेब पुन्हा पुन्हा करावा आणि तो जुळू नये, तसे ते पाहत होते.

"मंग तुमी सांगतलं काहून नाई?"

"मला ते विचारलं नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि तळाशी बोट ठेवलं. "हे सही कोनाची हाय?"

"माझी."

त्यांनी कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि तो खिसा तळहाताने दाबला. पोच हवी होती म्हणून मी दुसरी प्रत पुढे केली, त्यावर त्यांनी सावकाश, नीट, उर्दूत सही केली आणि पेन मला परत दिलं. मग उठून दाराकडे वळले.

"चाय रहने दो," ते आत म्हणाले. "साहब जा रहे हैं."

मी तोवर खुर्चीवरून उठलोही नव्हतो.